मोठ्या संख्येचे गुणधर्म काढताना: अवयव आधी, नावे नंतर

सहा-सात अंकी संख्या देऊन ‘हिचे गुणधर्म लिहा’ म्हटले की चुका ठरावीक जागीच होतात. संख्या विषम आहे हे लिहून होते. पुढच्या ओळीत ‘मूळ असावी’ येते, मग ‘परिपूर्ण नाही’, मग अंकांची बेरीज. या सगळ्यानंतर कधीतरी अवयव पाडायला घेतले जातात आणि तेही अर्धवट सुटतात. संख्येची बहुतेक महत्त्वाची वर्गवारी तिच्या मूळ अवयवांवरून ठरते. ते पुरते हाती आले की पुढचे काम गुणाकार-बेरजेचे उरते. ते हाती नसताना दिलेले नाव बरोबर निघाले, तरी ते योगायोगानेच.

उदाहरणासाठी गोव्यातल्या प्रत्येकाच्या ओळखीची संख्या घेऊ: २०११च्या जनगणनेतली राज्याची लोकसंख्या, १४,५८,५४५. पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या माणसांची ही मोजणी. संख्या म्हणूनही ती शिकायला उत्तम आहे, कारण वाटेतला जवळपास प्रत्येक खड्डा तिच्यात सापडतो.

## तयारी

कागदाचे उभे दोन भाग करा. डावीकडे कच्चे भागाकार, उजवीकडे फक्त पक्के झालेले निकाल. ३७ पर्यंतच्या मूळ संख्या वर एका ओळीत लिहून ठेवा: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७. एवढ्या पुष्कळदा पुरतात. का पुरतात ते पुढे येईल.

मग संख्या बरोबर उतरवली आहे का ते पाहा. एक अंक चुकला तर पुढचे सगळे काम दुसऱ्याच संख्येचे होते. आपल्याकडे तपासायला दोन वाटा आहेत. उत्तर गोवा ८,१८,००८ आणि दक्षिण गोवा ६,४०,५३७, बेरीज १४,५८,५४५. पुरुष ७,३९,१४० आणि स्त्रिया ७,१९,४०५, बेरीज पुन्हा तीच. आकडा पक्का.

आता तो स्वल्पविरामांशिवाय लिहा: १४५८५४५. ही सूचना किरकोळ वाटते, पण टप्पा ३ मध्ये सगळे उत्तर तिच्यावर अवलंबून आहे.

## टप्पा १: कुठपर्यंत शोधायचे ते ठरवा

संख्या संयुक्त असेल, तर तिचा निदान एक मूळ अवयव तिच्या वर्गमूळापेक्षा मोठा नसतो. १२०७ चा वर्ग १४,५६,८४९ आणि १२०८ चा वर्ग १४,५९,२६४. आपली संख्या या दोहोंच्या मध्ये, म्हणून मर्यादा १२०७.

१२०७ पर्यंत १९७ मूळ संख्या आहेत. आकडा पाहून अनेक जण इथेच वही मिटतात, पण इतके भागाकार करावे लागत नाहीत. प्रत्येक अवयव सापडला की उरलेली संख्या लहान होते आणि मर्यादाही खाली येते. आपल्या उदाहरणात ती १२०७ वरून ५४०, मग १६२, मग ३३ वर येईल.

सावधान: वर्गमूळापेक्षा मोठा मूळ अवयव असूच शकत नाही, असा याचा अर्थ घेऊ नका. असा एक अवयव असू शकतो, दोन नाहीत.

## टप्पा २: दोन, तीन आणि पाच

शेवटचा अंक ५, म्हणून २ ने भाग जात नाही आणि ५ ने जातो. अंकांची बेरीज १+४+५+८+५+४+५ = ३२. तिला ३ ने भागले तर बाकी २, म्हणजे ३ नाही आणि अर्थात ९ ही नाही.

१४५८५४५ ÷ ५ = २९१७०९. शेवटी ९ आहे, तेव्हा पाच एकदाच. हे ‘एकदाच’ उजव्या बाजूला लिहून ठेवा. अवयव किती वेळा आला याची नोंद राहिली नाही की टप्पा ७ कोसळतो.

इथे एक गोष्ट फुकट मिळते. ५ ने संपणाऱ्या पूर्ण वर्गाच्या शेवटी २५ असावेच लागतात. आपल्याकडे ४५ आहेत, म्हणून संख्या पूर्ण वर्ग नाही.

## टप्पा ३: सात, अकरा, तेरा एकाच फटक्यात

७ × ११ × १३ = १००१. त्यामुळे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि ते आळीपाळीने वजा-अधिक करायचे. जी लहान संख्या येते, तिला या तिघांनी भागल्यावर भाग जातो की नाही, तेच मोठ्या संख्येलाही लागू होते.

उरलेली संख्या २९१७०९. गट २९१ आणि ७०९. ७०९ − २९१ = ४१८.

- ७ ने भागल्यास बाकी ५
- ११ ने भागल्यास ३८, बाकी शून्य
- १३ ने भागल्यास बाकी २

म्हणजे ११ चा भाग जातो. २९१७०९ ÷ ११ = २६५१९.

आता ती चूक, जिच्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला आहे. आपण ही संख्या २,९१,७०९ अशी लिहितो. लाख-हजाराची सवय असलेला हात गट पाडतानाही स्वल्पविरामाच्याच जागी थांबतो आणि मांडणी होते ७०९ − ९१ + २ = ६२०. हिला ७ ने भागल्यास बाकी ४, ११ ने ४, १३ ने ९. तिघांपैकी कोणाचाच भाग जात नाही आणि अकरा हातातून निसटतो.

याचे नुकसान नीट समजून घ्या. अकरा सुटलेला विद्यार्थी पुढे जातो, त्याला २३ सापडतो आणि २९१७०९ ÷ २३ = १२६८३ मिळतात. आता मर्यादा ११२. तो इमाने-इतबारे २३ पासून १०९ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहतो आणि एकाचाही भाग जात नाही. मग तो १२६८३ ला मूळ संख्या ठरवून ५ × २३ × १२६८३ असे उत्तर लिहितो. गुणाकार करून पाहिला तर तो अगदी बरोबर येतो! तरीही उत्तर चूक आहे, कारण १२६८३ = ११ × ११५३. गुणाकार जुळला म्हणजे अवयव पाडून संपले, असे होत नाही.

गोव्यात पुष्कळ मुले प्राथमिक शाळेत मराठीतून आणि पुढे इंग्रजीतून गणित शिकतात. स्वल्पविरामाच्या दोन्ही पद्धती, लाख-हजाराची आणि तीन-तीन अंकांची, त्यांच्या पुस्तकांत भेटतात, त्यामुळे घरी शिकवणाऱ्यांनी हा टप्पा मुद्दाम करून घ्यावा.

तपासणी: डावीकडचा शेवटचा गट सोडून प्रत्येक गटात तीन अंक आहेत का? नसतील तर मांडणी पुसून पुन्हा करा.

## टप्पा ४: उरलेले भागाकार

हातात २६५१९, मर्यादा १६२. इथे पुन्हा दोनपासून सुरुवात करण्याचे कारण नाही. २९१७०९ ला ज्यांचा भाग गेला नाही, त्यांचा तिच्या तुकड्यालाही जाणार नाही. म्हणून ७ आणि १३ बाद. फक्त ११ पुन्हा तपासा, कारण तोच अवयव दुसऱ्यांदा येऊ शकतो: ११ × २४१० = २६५१०, बाकी ९. अकराही एकदाच.

पुढे १७: १७ × १५५९ = २६५०३, बाकी १६.
१९: १९ × १३९५ = २६५०५, बाकी १४.
२३: २३ × ११५३ = २६५१९. भाग गेला.

बाकी प्रत्येक वेळी लिहा. ‘जात नाही’ एवढेच लिहिले तर नंतर तपासताना सगळा भागाकार पुन्हा करावा लागतो. बाकी लिहिलेली असली की एका गुणाकारात चूक पकडता येते.

## टप्पा ५: शेवटचा तुकडा मूळ आहे हे सिद्ध करा

११५३ दिसायला मूळ वाटते, पण वाटणे पुरेसे नाही. ३३ चा वर्ग १०८९ आणि ३४ चा ११५६, म्हणून मर्यादा ३३. तिच्या आत आता फक्त तीन संख्या तपासायच्या राहिल्या: २३ दुसऱ्यांदा, मग २९ आणि ३१.

२३ × ५० = ११५०, बाकी ३.
२९ × ३९ = ११३१, बाकी २२.
३१ × ३७ = ११४७, बाकी ६.

११५३ मूळ संख्या आहे. सुरुवातीला लिहिलेल्या ओळीतला ३७ लागलाच नाही.

निकाल: १४,५८,५४५ = ५ × ११ × २३ × ११५३

## जवळची वाट: फर्माची रीत

एखाद्या विषम संख्येचे दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील, तर फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची रीत भागाकारांपेक्षा कितीतरी लवकर पोचवते. वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्या, तिच्या वर्गातून आपली संख्या वजा करा आणि उरते ते पूर्ण वर्ग आहे का पाहा. नसेल तर पुढची पूर्ण संख्या घ्या; असेल तर त्याचे वर्गमूळ घेतलेल्या संख्येतून वजा करून आणि तिच्यात मिळवून दोन अवयव मिळतात.

१२०८² − १४५८५४५ = ७१९. पूर्ण वर्ग नाही, कारण २६² = ६७६ आणि २७² = ७२९.
१२०९² − १४५८५४५ = ३१३६ = ५६².

दुसऱ्याच पायरीला काम झाले. १२०९ − ५६ = ११५३ आणि १२०९ + ५६ = १२६५. मोठा मूळ अवयव आपसूक बाहेर आला, आणि १२६५ म्हणजे ५ × ११ × २३ हे तर तोंडी निघते.

हे पाहून लोभ होतो, पण प्रत्येक संख्येला ही वाट लागू पडत नाही. अवयव एकमेकांपासून लांब असतील, तर शेकडो वजाबाक्या करूनही हाती काही लागत नाही. माझे मत असे: सात अंकांपर्यंत आधी चार-पाच पायऱ्या फर्माच्या रीतीने करून पाहाव्यात, नाही जमले तर भागाकारांकडे वळावे.

सावधान: सुरुवात १२०७ पासून करू नका. वजाबाकी ऋण येते आणि तिथेच गोंधळ सुरू होतो.

## टप्पा ६: ताळा

नवाचा ताळा घ्या, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत जा. संख्येच्या अंकांची बेरीज ३२, म्हणजे ५. अवयवांचे अनुक्रमे ५, २, ५ आणि १. गुणाकार ५०, म्हणजे ५. जुळले.

एवढ्यावर थांबू नका. अंकांची अदलाबदल नवाच्या ताळ्याला दिसत नाही. ११५३ च्या जागी ११३५ लिहिले तरी तो जुळतो. म्हणून पूर्ण गुणाकारही करा: ५ × ११ = ५५, ५५ × २३ = १२६५, १२६५ × ११५३ = १४५८५४५.

## टप्पा ७: आता नावे

चार वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. म्हणून ही संख्या संयुक्त आहे आणि वर्गमुक्त आहे, म्हणजे १ सोडून कोणत्याही पूर्ण वर्गाचा तिला भाग जात नाही. ती पूर्ण वर्ग, घन किंवा इतर कोणताही पूर्ण घात नाही, हे त्यातच आले.

विभाजकांची संख्या. प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणायचे: २ × २ × २ × २ = १६. यादी अशी: १, ५, ११, २३, ५५, ११५, २५३, ११५३, १२६५, ५७६५, १२६८३, २६५१९, ६३४१५, १३२५९५, २९१७०९, १४५८५४५. यादी जोड्यांनी तपासा. पहिला गुणिले शेवटचा, दुसरा गुणिले शेवटून दुसरा, प्रत्येक वेळी मूळची संख्याच यायला हवी.

विभाजकांची बेरीज. ६ × १२ × २४ × ११५४ = १९,९४,११२. (पहिल्या तिघांचा गुणाकार १७२८, म्हणजे नेमका बाराचा घन. अशा गोष्टी दिसल्या की समासात टिपून ठेवाव्यात.) यातून संख्या स्वतः वजा केली की ५,३५,५६७ उरतात. ते संख्येपेक्षा कमी, म्हणून ही न्यून संख्या. तेवढेच आले असते तर परिपूर्ण, जास्त आले असते तर विपुल.

इथली नेहमीची चूक म्हणजे संख्या स्वतः वजा करायला विसरणे. तसे केले तर एकापेक्षा मोठी प्रत्येक संख्या विपुल ठरेल.

दुसरी चूक आपल्या संख्येत दिसत नाही, कारण तिच्यात एकही अवयव दोनदा आलेला नाही. म्हणून पुरुषांची संख्या घेऊ: ७,३९,१४० = २² × ३ × ५ × ९७ × १२७. विभाजक ३ × २ × २ × २ × २ = ४८. बेरजेत २² साठी १ + २ + ४ = ७ घ्यायचे; पुष्कळ जण ३ × ३ = ९ घेतात आणि चुकतात. बरोबर बेरीज ७ × ४ × ६ × ९८ × १२८ = २१,०७,३९२. संख्या वजा जाता १३,६८,२५२, म्हणजे ही विपुल आहे. ती वर्गमुक्त नाही, कारण तिला ४ चा भाग जातो.

सहमूळ संख्यांची मोजणी. १४,५८,५४५ पर्यंतच्या किती संख्यांचा तिच्याशी १ सोडून एकही सामाईक विभाजक नाही? ही रीत ऑयलर या गणितज्ञाची. वर्गमुक्त संख्येसाठी प्रत्येक अवयवातून एक वजा करून गुणायचे: ४ × १० × २२ × ११५२ = १०,१३,७६०.

## टप्पा ८: वर्गांच्या बेरजा

दोन वर्गांची बेरीज म्हणून ही संख्या लिहिता येईल का? घाईत उत्तर ‘हो’ येते, कारण तिला ४ ने भागल्यावर बाकी १ राहते. पण ही कसोटी एकट्या मूळ संख्येला चालते, संयुक्त संख्येला नाही. संयुक्त संख्येत, ४ ने भागल्यावर बाकी ३ देणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा यावा लागतो. ११ आणि २३ दोघेही बाकी ३ देतात आणि दोघेही एकेकदाच आहेत. दोन बाकी-३ एकमेकांत गुणले की बाकी १ होते, म्हणून संख्येकडे नुसते पाहून दोष दिसत नाही. उत्तर: नाही. ११५३ एकटी मात्र जमते: ३३² + ८².

तीन वर्ग? ८ ने भागल्यावर आपल्या संख्येची बाकी १. अडचण फक्त बाकी ७ ची आणि तशा संख्येला ४ ने कितीही वेळा गुणून येणाऱ्यांची असते. म्हणून जमायला हवे, आणि जमते: १२०७² वजा केले की १६९६ उरतात, आणि १६९६ = ३६² + २०². म्हणजे १४,५८,५४५ = १२०७² + ३६² + २०².

त्रिकोणी संख्या आहे का हे पाहायला आठाने गुणून एक मिळवा: १,१६,६८,३६१. हा पूर्ण वर्ग नाही, कारण ३४१५² = १,१६,६२,२२५ आणि ३४१६² = १,१६,६९,०५६. तेव्हा त्रिकोणी नाही.

## टप्पा ९: अंकांचे गुण वेगळ्या यादीत

आतापर्यंतचे सगळे गुण संख्येचे होते. ती कोणत्याही पद्धतीने लिहा, ते बदलत नाहीत. अंकांच्या बेरजेवर टेकलेले गुण मात्र दशमान लिखाणाचे आहेत. हीच संख्या सोळाच्या पायावर १६४१७१ अशी लिहिली जाते. तिथे अंकांची बेरीज ३२ नव्हे, २० येते. म्हणून हे गुण स्वतंत्र शीर्षकाखाली लिहा, मिसळू नका.

देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी या प्रांतात फार सुंदर काम केले आहे. त्यांच्या दोन कसोट्या लावू.

हर्षद संख्या: अंकांच्या बेरजेने संख्येला निःशेष भाग गेला पाहिजे. बेरीज ३२ सम, संख्या विषम. भाग जाणे शक्यच नाही, भागाकार करण्याची गरजही नाही.

देवळाली संख्या: दुसऱ्या कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी मिळत नाही ती. इथे सरळ मागे जात एकेक संख्या तपासू नका. आपल्या संख्येला ९ ने भागल्यास बाकी ५. जिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवून आपली संख्या येते, तिला जनक म्हणू. कोणत्याही संख्येची आणि तिच्या अंकांच्या बेरजेची ९ ने भागल्यावरची बाकी एकच असते, म्हणून जनकाची बाकी ७ च असावी लागते, कारण सातची दुप्पट चौदा आणि चौदाची बाकी ५. म्हणजे जनकाच्या अंकांची बेरीज ७, १६, २५, ३४ यांपैकी किंवा पुढे याच ओळीतली असणार. ७ वजा केले तर १४५८५३८, बेरीज ३४, नाही. १६ वजा केले तर १४५८५२९, बेरीज ३४, नाही. २५ वजा केले तर १४५८५२०, बेरीज नेमकी २५. जनक सापडला, म्हणून ही देवळाली संख्या नाही.

## संख्या याहून मोठी असेल तर

दहा-बारा अंकांपर्यंत हीच पद्धत संगणकाच्या मदतीने चालते. एक्सेल वापरत असाल तर सांभाळा. पंधरा सार्थ अंकांनंतरचे अंक तिथे शून्य होतात, त्यामुळे सोळा अंकी संख्या टाइप केली की शेवटचा अंक गुपचूप बदलतो आणि तुम्ही वेगळ्याच संख्येचे अवयव पाडत बसता. कॅल्क्युलेटरवर भागाकारात दशांश दिसले नाहीत एवढ्यावर भाग गेला असे मानू नका. उलट गुणाकार करून सगळे अंक जुळवा.

त्यापुढे दोन प्रश्न वेगळे होतात: संख्या मूळ आहे का, आणि नसेल तर अवयव कोणते. पहिला तुलनेने सोपा आहे. तो पक्क्या आणि जलद रीतीने सोडवता येतो हे कानपूर आयआयटीच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दाखवले. दुसरा फार अवघड आहे. आरएसए-२५० या २५० अंकी संख्येचे अवयव २०२० मध्ये सापडले, तेही असंख्य संगणकांच्या श्रमाने.

पहिल्या प्रश्नासाठी इंटरनेटवर मिळणारे छोटे प्रोग्रॅम अनेकदा नुसती फर्माची मूळतेची कसोटी लावतात: एखादी संख्या पाया म्हणून घ्यायची, तपासायच्या संख्येपेक्षा एकने कमी इतका तिचा घात करायचा आणि त्याला तपासायच्या संख्येने भागून बाकी १ आली तर ती पार. दोनाच्या पायाने ती घेतली तर ३४१ पार होते, आणि ३४१ = ११ × ३१. १७२९ तर तिच्याशी सहमूळ असलेल्या प्रत्येक पायाने पार होते, आणि ती ७ × १३ × १९ आहे. वापरण्याआधी प्रोग्रॅमला ३४१, ५६१ आणि १७२९ या तीन संख्या देऊन पाहा. यांपैकी एकीलाही त्याने ‘मूळ’ म्हटले, तर तो वापरू नका.